आईच्या पिंपळापर्यंतची वाट

पोरांनो, थोरलीने परवा फोनवर विचारलं, या पौर्णिमेला आईच्या झाडाचा फोटो का नाही आला. मी म्हटलं, आजोबांचे गुडघे दुखतात, डोंगर चढवत नाही. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण फोटो न येण्याचं कारण ते नाही. फोन ठेवल्यावर आजोबा माझ्याकडे बघत होते आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हणून आता झालं ते पहिल्यापासून, क्रमाने लिहिते. झाड वणव्यात जळालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच आशा धरणार नाही. आम्ही धरली होती.

धाकट्याला ते झाड लावल्याचा दिवस आठवत नसेल, तो तेव्हा फारच लहान होता. तुमची आई, आमची लेक, आजारपणात परदेशातून आमच्याकडे आली ती चिखलोलीच्या याच घरात, आणि इथूनच गेली. आमच्यात अस्थी नदीत सोडतात. आजोबांच्या थोरल्या भावांचंही तेच म्हणणं होतं, गाडीही त्यांनी सांगून ठेवली होती. पण शेवटच्या महिन्यात तुमच्या आईने मला म्हटलं होतं, "मला पाण्यात सोडू नका गं, मला पोहता येत नाही." हे ती हसत म्हणाली आणि तिने पलंगावरून बाल्कनीपलीकडच्या डोंगराकडे हनुवटी केली. हात उचलायची ताकद नव्हती. आम्ही उल्हासनगरला राहत होतो तेव्हा, कॉलेजात असताना, ती मैत्रिणींबरोबर या डोंगरांवर यायची आणि संध्याकाळी बुटांत कुसळं भरून घरी परतायची. मी ओरडायचे. परदेशात गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न हाच असायचा, आज डोंगर स्वच्छ दिसतोय का.

म्हणून आम्ही सगळे वर गेलो. तुमच्या बाबांच्या हातात स्टीलचा डबा होता, आजोबांच्या हातात पिंपळाचं रोप. खिंडीच्या अलीकडे जे लहानसं पठार आहे तिथे खड्डा केला, अस्थी ठेवल्या, वर रोप लावलं. बोधिवृक्ष म्हणून पिंपळ. त्रिशरण पंचशील म्हटलं. वाऱ्याने मेणबत्ती राहीना, तेव्हा तुमच्या बाबांनी तिच्याभोवती दोन्ही हात धरले आणि त्यांचा अंगठा भाजला. धाकट्याने विचारलं होतं, आता आई उगवणार का. विमानतळावर थोरलीने आजोबांकडून कबूल करून घेतलं की ते झाडाकडे बघतील आणि दर पौर्णिमेला फोटो पाठवतील. आजोबा म्हणाले, "बघतो मी त्याच्याकडे." आजपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला, हे मी लिहून ठेवते.

पावसाळ्यात झाडाला कुणाची गरज नसायची. खरं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं. आजोबा रविवारी पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून वर जायचे. गुडघे बोलायला लागले तसं त्यांना वाटलं, आपल्याला रोज जाता येत नाही तर मातीतली ओल तरी टिकली पाहिजे. फोनवर त्यांनी एका शेतकऱ्याचा व्हिडिओ पाहिला. खोडाभोवती वाळलेल्या गवताचा जाड थर द्यायचा, म्हणजे ऊन मातीला लागत नाही, पाणी कमी लागतं. आजोबा कारखान्यात आयुष्यभर बॉयलर सांभाळणारे, एखादी गोष्ट करायची तर नीट करायची. विळा घेऊन गेले, आजूबाजूचं गवत कापलं आणि खोडाभोवती गुडघाभर उंच गादी केली, वर दगड ठेवून दाबली. त्या उन्हाळ्यात पिंपळ असा तरारला की पानं माझ्या तळहाताहून मोठी झाली. तेव्हाचा फोटो तुमच्याकडे आहे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी थर आणखी जाड केला. विहारात दोघा-तिघांना त्यांनी ही युक्ती सांगितली, आणि मीही त्यांचं कौतुक केलं.

आमच्या डोंगरांना दर वर्षी माघ-फाल्गुनात वणवा लागतो. कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून लावतं, कुणी सशाच्या मागे लागून, कुणी नुसती विडी टाकून. त्या संध्याकाळी आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो तेव्हा डोंगरावर एक वाकडी लाल रेघ दिसली. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो यायला लागले, कुणीतरी लिहिलं, काय मस्त दिसतंय. आजोबांनी बराच वेळ बघून सांगितलं की ती आग पलीकडच्या सोंडेवर आहे, आपलं पठार अलीकडे आहे. त्यांनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी धूर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करायला उठले तर ते आधीच बूट घालून बसले होते. मी म्हटलं, मीही येते. ते म्हणाले, "ऊन लागेल तुला." मी म्हटलं, "लागू दे."

तुम्हाला ही वाट आठवते तशी आता नाही. धरणाच्या मागच्या बाजूला जिथे तुम्ही बैलगाडी पाहिली होती, तिथपर्यंत आता बिल्डिंगा आल्या आहेत, आणि नवं स्टेशन होणार म्हणून आणखी येतायत. रिक्षावाल्याने शेवटच्या बिल्डिंगच्या गेटपाशी सोडलं आणि हिंदीत विचारलं, आगे कुछ है क्या. आजोबा म्हणाले, "बहुत कुछ है."

खरंच होतं. बिल्डिंगची भिंत संपली की शंभर पावलांत आवाज बंद होतो. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाच्या चिखलात बगळे उभे होते. पळस फुलला होता. एकही पान नसलेल्या फांद्यांवर ती भगवी फुलं अशी बसली होती की तुमची आई असती तर चार पावलांवर एकदा थांबून फोटो काढत बसली असती आणि आम्हाला उशीर झाला असता. सागाची पानं गळून वाटेवर पापडासारखी वाजत होती. हवा अजून थंड होती, कुठल्या तरी झुडपात भारद्वाज घुमत होता. मी आजोबांना म्हटलं, इथे तर काहीच जळालेलं नाही. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय मी. त्यांचा चेहरा मोकळा झाला आणि ते मला वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगायला लागले, जणू मी पहिल्यांदाच आले होते.

चढ सुरू व्हायच्या आधी ठाकरांची वाडी लागते. तिथल्या शेवटच्या घरातल्या बाईकडे आम्ही नेहमी पाणी प्यायला थांबतो. तुम्हाला तिने करवंदं दिली होती. ती आपल्या बकऱ्यांना पठारावर जाऊ देत नाही आणि त्याबद्दल आजोबांना चिडवते. मागच्या वर्षी गवताची गादी बघून आल्यावर म्हणाली होती, "बाबा, लेकीला येवडी लाडावू नका, उद्या सासरी नांदायची नाय." त्या दिवशी मात्र तिने आम्हाला लांबून पाहिलं आणि उठून आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तिने काही थट्टा केली नाही. म्हणाली की वारं फिरलं आणि आग सोंड ओलांडून अलीकडे आली. वाडीतली सगळी माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली आणि पेंढ्याच्या उडव्यांपर्यंत येणारी आग त्यांनी झोडपून विझवली. तिच्या हातावर फोड आले होते. मी पर्समधून मलम काढून दिलं.

आजोबांनी तिला पिंपळाचं विचारलं. ती म्हणाली, "वरचं आमी बगितलं नाय, बाबा. आमची घरंच राखत व्हतो."

"बरोबर आहे तुमचं," आजोबा म्हणाले. मग आमच्या दोघींकडे न बघता म्हणाले की पिंपळ चिवट असतो, विहारावरची टाकी फोडून उगवतो तो, त्याला काही होत नाही.

वाडीमागच्या पहिल्या वळणापर्यंत डोंगर नेहमीसारखा होता. वळण घेतलं आणि हिरवं-पिवळं सगळं एका रेषेवर संपलं. रेषेच्या पलीकडे काळं. पायाखालून राख उडून माझ्या साडीच्या काठावर बसत होती. ज्या उंच गवतातून तुम्ही दोघं लपत गेला होतात ते नव्हतं, त्यामुळे डोंगराचे दगड, उतार, पाण्याच्या घळी, सगळं उघडं दिसत होतं. घळीच्या तोंडाशी सावरीचं झाड उभं होतं, खोड निम्म्यापर्यंत काळं, आणि वर लाल फुलं. कोतवाल पक्षी त्या फुलांवरून खाली झेपा घेत होते, जळालेल्या जमिनीवर उघडे पडलेले किडे टिपत होते. मला ते फार सुंदर वाटलं आणि तसं वाटल्याचा राग आला.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आली. आग वरवर पळत गेली होती. करवंदीच्या जाळ्या बाहेरून करपल्या होत्या, आत हिरव्या होत्या. कुड्याच्या काही फांद्यांना धगही लागली नव्हती. आजोबा प्रत्येक झुडपापाशी थांबून नखाने साल खरवडायचे आणि खाली हिरवं दिसलं की मला दाखवायचे. "हे बघ. जिवंत. हे पण जिवंत." ते इतक्या भराभर चढायला लागले की मला त्यांना अहो म्हणून हाका माराव्या लागल्या. मीही मनात हिशोब मांडत होते, की एवढंसं झुडूप वाचलं तर माझ्या डोक्याहून उंच झालेला पिंपळ नक्की वाचला असेल.

पठारावर वारा होता. पिंपळ लांबून दिसला, उभा. आजोबा मागे वळून हसले.

जवळ गेल्यावर दिसलं की शेंड्याची पानं अजून लटकत होती, पण ती तपकिरी होऊन सुकली होती आणि वाऱ्यात कागदासारखी वाजत होती. खोड खालून काळं होतं आणि त्याला उभी भेग पडली होती. त्याच्याभोवती, आजोबांनी जेवढी गादी केली होती बरोबर तेवढं, पांढऱ्या राखेचं कडं होतं. बाकी सगळ्या डोंगरावर काळी पातळ राख आणि इथे पांढरी, जाड. आजोबांनी खांद्याच्या उंचीवर साल खरवडली. तपकिरी. कमरेशी खरवडली, मग गुडघ्याशी. मग खाली बसले, जे त्यांना एरवी जमत नाही, आणि मुळापाशी बघायला राखेत हात घातला. हात लगेच मागे घेतला.

"अजून गरम आहे," ते म्हणाले.

माझ्या लक्षात आलं होतं आणि त्यांच्याही. मला वाटतं त्यांच्या आधीच आलं होतं, चेहऱ्यावरून. दाबून बसवलेलं ते गवत दोन दिवस आतल्या आत धुमसत होतं. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "डोंगरभर आग पळत गेली. इथे ती बसली. मीच तिला आसन घातलं."

मी म्हटलं, वणवा तुम्ही लावला नाहीत. ते म्हणाले, "नाही लावला." आणि पिशवीतल्या बाटल्या काढून एकेक करून सगळं पाणी मुळात ओतलं. वाफ निघाली, राखेचा वास आला. आम्हाला प्यायला पाणी ठेवलं नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साखरेची गोळी घेतली असल्याने त्यांना उपाशी राहून चालत नाही. म्हणून आम्ही दगडावर बसून पोळी-भाजी खाल्ली. तिथून सगळं दिसत होतं. एका बाजूला बदलापूर, अंबरनाथ, त्यामागे धुरकट हवेत उल्हासनगर, नव्या टॉवरांवरच्या क्रेन. दुसऱ्या बाजूला मलंगगड, आणि लांब चंदेरीचा सुळका. त्या दिवशी डोंगर फार स्वच्छ दिसत होते. आईच्या अस्थींचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. त्या खोल आहेत. आगीने त्यांना काय केलं, काही केलं का, हे मला माहीत नाही. विहारातल्या बायका नंतर भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, सगळं अनित्य आहे. हेच वाक्य मीही लोकांच्या घरी जाऊन म्हटलेलं आहे. ते खरंच आहे. त्याचा उपयोग झाला नाही एवढंच.

उतरताना आजोबा एकाही झुडपापाशी थांबले नाहीत. वाडीत ती बाई वाटेवरच उभी होती. आमच्याकडे बघून तिला कळलं. तिने मला ओट्यावर बसवलं, आजोबांना गूळ-पाणी दिलं. मग बोलता बोलता म्हणाली की तिच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, एक काढला की दुसरा येतो, भिंत फुटायला आली, पाहिजे तर न्या. तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. आजोबा लगेच उठले. तिच्या मालकाने कोयत्याने माती सैल करून मुळासकट रोप काढून दिलं, ओल्या फडक्यात बांधून.

धरणापर्यंत आल्यावर आजोबांनी मला त्यांचं मनातलं सांगितलं. पोरं जुलैत येणार. जूनमध्ये पहिल्या पावसात हे रोप त्याच जागी लावायचं. जुनं खोड काढून टाकायचं. जुलैत सगळं हिरवं असतं, गवत कमरेएवढं, कोणाला काय कळतंय. आणि रोप लहान वाटलं तर सांगायचं, बकऱ्यांनी शेंडा खाल्ला.

"बकऱ्यांवर घालायचं?" मी विचारलं.

"मग काय सांगायचं? आजोबांनी जाळलं म्हणून?"

"थोरलीकडे फोटो आहेत, अहो. ती त्या झाडाशेजारी उभी राहणार, फोटो काढणार, घरी जाऊन जुना शेजारी ठेवून बघणार. आपली पोरगी पण तेच करायची."

ते थांबले. दोन्ही हातांत ते ओलं फडकं धरलेलं. म्हणाले, "मला एवढंच करू दे गं. एवढं एकच."

मी नाही म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे काही मागितलं आणि मी सरळ नाही म्हटलं, असं क्वचितच झालं असेल. मी बरोबर केलं असं मला अजून खात्रीने वाटत नाही. पण त्या मातीत तुमची आई आहे, आणि तिच्या जागी भलतंच काहीतरी उभं करून तुम्हाला त्याला हात जोडायला लावणं माझ्याने होणार नव्हतं.

होळीनंतर ते एकटेच आणखी काही वेळा वर जाऊन आले. मुळापासून फुटवा येईल म्हणून वाट बघत होते. शेवटच्या वेळी त्यांनी हाताने खणून पाहिलं. मूळ आतून कोळसा झालं होतं. बूट बाहेर काढून ठेवत मला म्हणाले, "संपलं." मग आंघोळीला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. पण पाठवायच्या आधी आजोबांनी वाचावं अशी माझी इच्छा होती, आणि त्यांना मराठीतच सलग वाचता येतं. तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. काल मी कागद आजोबांपुढे ठेवले. तेव्हा त्यांत गवताच्या गादीचा उल्लेख नव्हता. मी तो भाग मुद्दाम गाळला होता, फक्त वणवा लागला आणि झाड गेलं एवढं ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद परत दिले.

"गवताचं पण लिही," ते म्हणाले. "नाहीतर पोरं वणव्यापायी आयुष्यभर वाडीवाल्यांना शिव्या देतील."

म्हणून आज पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

ते रोप बाल्कनीत कुंडीत आहे. सोसायटीच्या आवारात लावू देत नाहीत, पिंपळाची मुळं टाकीपर्यंत जातात म्हणतात. त्याला दोन नवी पानं आली आहेत. ते झाड कुणाचंच नाही, तुमच्या आईचं तर नाहीच, तेव्हा फोनवर दिसलं तर तसा समज करून घेऊ नका. आजोबा त्याला पाणी घालत नाहीत, मी घालते. जुलैत तुम्ही आलात आणि वर जायचं म्हणालात, तर मी घेऊन जाईन. वाट मला पाठ आहे आणि जागा ओळखता येते. आजोबा येतील असं मला वाटत नाही. त्यांना आग्रह करू नका.